वाटसरूची साक्ष : दख्खनच्या पक्षिनोंदी आणि बालाघाटातील शीळकरी कस्तूर

१

दख्खनच्या पक्ष्यांचा लेखी इतिहास कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ठेवलेल्या यादीपासून सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. हे विधान एका मर्यादित अर्थाने खरे आहे. या यादीपूर्वीही दख्खनच्या ओढ्यांवर पक्षी होते, ते पाहणारी माणसे होती आणि त्या माणसांपाशी त्यांची नावेही होती. १८३२ साली जे सुरू झाले ते ज्ञान नव्हे; ज्ञानाची एक विशिष्ट प्रकारची नोंद सुरू झाली. कोणाचे पाहणे नोंद ठरते आणि कोणाचे केवळ ऐकीव गोष्ट म्हणून बाजूस पडते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि पाहणाऱ्याचा शब्द नोंद करणाऱ्याच्या शब्दाशी कसा जुळवावयाचा, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. दोन्ही प्रश्न एका पक्ष्याच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगे आहेत. तो पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर होय.

साइक्सच्या यादीच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८३१ मध्ये, निकोलस व्हिगर्स याने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील संग्रहालयात काम करणाऱ्या टॉमस हॉर्सफील्डचे नाव त्यास दिले. पक्षी सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा, दुरून काळाच दिसणारा. प्रकाश योग्य कोनातून पडला म्हणजे मात्र त्याच्या कपाळावरचा आणि खांद्यावरचा झगझगीत निळा पट्टा दिसतो. सह्याद्रीतील दाट सावलीचे ओढे, धबधब्यांच्या कडा आणि ओल्या कपारी हे त्याचे घर. खेकडे, गोगलगायी, बेडूक आणि कीटक हे त्याचे अन्न. खडकाच्या कंगोऱ्यावर, कित्येकदा पाण्याच्या पडद्याशेजारीच, तो शेवाळ व मुळ्या यांचे घरटे बांधतो. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळाभर, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात, तो शीळ घालू लागतो. ती शीळ चढत्या-उतरत्या सुरांची, काहीशी रेंगाळणारी आणि माणसाच्या शिळेशी इतकी मिळतीजुळती असते की प्रथम ऐकणारा माणूस वाटेवर कोणी पोर शीळ घालीत चालले आहे काय, म्हणून मागे वळून पाहतो. इंग्रजांनी त्यास शीळ घालणारा शाळकरी मुलगा म्हटले, ते यामुळेच.

हा पक्षी जगात दुर्मिळ नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतील घाटवाटांनी हिंडणाऱ्यास त्याची शीळ सहज ऐकू येते. परंतु दुर्मिळता हा केवळ जातीचा गुण नसून जाती आणि स्थळ यांतील संबंध आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. धाराशिव जिल्हा या पक्ष्याच्या नेहमीच्या मुलुखाच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत पडतो. बालाघाटाच्या रांगा सह्याद्रीपासून फुटून आग्नेयीकडे जातात आणि या जिल्ह्यातून पुढे सरकतात. तेरणा, बोरी, बाणगंगा या नद्यांना मिळणारे ओढे त्यांच्या कुशीत आहेत. हे ओढे वर्षातले काही महिनेच वाहतात. अशा ओढ्यावर शीळकरी कस्तूर दिसणे किंवा ऐकू येणे ही तेथे मोलाची नोंद ठरते, आणि अशी नोंद करण्याची संधी शास्त्रज्ञापेक्षा त्या ओढ्याकाठून जाणाऱ्या माणसासच अधिक असते.

२

एकोणिसाव्या शतकातील पक्षिनोंदींची रचना पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. नोंद करणारा बहुधा सरकारी नोकर असे. साइक्स मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी होता; ‘भारताचे पक्षी’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध करणारा टॉमस जर्डन मद्रासच्या सैन्यातील शल्यवैद्य होता; १८७३ च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू करणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम मुलकी अधिकारी होता; आणि १८७८ साली वेंडन याच्या साहाय्याने त्याच नियतकालिकात दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिणारा जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील होता. ह्यूमचे नियतकालिक म्हणजे देशभर पसरलेल्या अशा पत्रलेखकांचे जाळेच होते. साठ हजारांवर नमुन्यांचा त्याचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश संग्रहालयास मिळाला, तो या जाळ्याच्या बळावरच उभा राहिला होता.

परंतु या जाळ्याखाली आणखी एक जाळे होते. पक्षी कोणत्या घळीत उतरतो, कोणत्या महिन्यात बोलतो, घरटे कोठे बांधतो, हे साहेबास सांगणारा शिकारी, फासेपारधी, गुराखी किंवा गावचा वाटाड्या नोंदीत नावाने येत नाही. त्याचा मागमूस एकाच ठिकाणी उरतो, आणि तो म्हणजे देशी नावात. साइक्सने रानकुत्र्याचे वर्णन करताना मराठ्यांचा ‘कोळसून’ हा शब्द टिपून ठेवला. जर्डनने पक्ष्यापक्ष्याखाली हिंदी, तेलुगू, तमिळ व मराठी नावे दिली. ही नावे म्हणजे त्या अनाम साक्षीदारांच्या सह्या आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या सह्या वाचताना मात्र सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. ऐकणाऱ्याच्या कानास ट आणि त, ळ आणि ल, महाप्राण आणि अल्पप्राण यांतील भेद नेहमीच कळत असे असे नाही. शिवाय रोमन लिपीत ते भेद दाखविण्याची सोय अपुरी होती. सांगणारा माणूस त्या गावचाच असे, असेही नाही. छावणीबरोबर फिरणारा नोकर दुसऱ्या प्रांतातला असला की एका मुलुखाचे नाव दुसऱ्या मुलुखाच्या खाती जमा होई. म्हणून जुन्या यादीत ‘मराठी’ म्हणून आलेले नाव कोणत्या बोलीतले, हे ठरविल्याशिवाय त्या नावावरून पक्ष्याचा आढळ सिद्ध करणे धाडसाचे ठरते.

१८८३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी भाषक होते. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठीचे वैयाकरण दादोबा पांडुरंग यांचे बंधू. एका भावाने भाषेच्या रूपांची शिस्त लावली, दुसऱ्याने निसर्गाच्या रूपांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा पाया घातला. पण या दोन उद्योगांची सांगड पुढील कित्येक दशके पडली नाही. सोसायटीचे नियतकालिक इंग्रजीत निघे. मराठी नाव त्यात आलेच तर तिरप्या अक्षरांत, एखाद्या शोभेच्या वस्तूसारखे येई.

३

धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत या अडचणीत राजकीय सीमेची भर पडली. अधिकारी जेथे नेमणुकीवर असत तेथल्याच नोंदी होत, आणि सोलापूर ब्रिटिश अमलात तर शेजारचे नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहान्वये हा प्रदेश वऱ्हाडाबरोबर इंग्रजांकडे आला. त्या काळात कर्नल मेडोज टेलर नळदुर्गच्या किल्ल्यात राहून कारभार पाहत होता. १८६० मध्ये प्रदेश परत निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतरीत्या धाराशिव झाले. इतक्या वेळा हात बदललेल्या मुलुखाची नोंद सलग राहील, अशी अपेक्षा करता येत नाही.

हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी १९३१-३२ मध्ये डॉ. सालिम अली यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने केली. तिचा वृत्तान्त ह्यू व्हिसलर याच्या टिपणांसह १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. या पाहणीचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु मुक्कामांवर आधारलेल्या कोणत्याही पाहणीस एक अंगभूत मर्यादा असते. जो पक्षी वर्षातील थोडेच महिने बोलतो, तोही पहाटे आणि भर पावसात, तो ठराविक तारखांना येऊन जाणाऱ्या छावणीच्या हाती लागण्याचा संभव थोडा. त्यासाठी ओढ्याशेजारी वर्षभर राहणारा, किंवा निदान पावसाळ्यात तेथून चालत जाणारा माणूस हवा. यादीत पक्षी नाही, यावरून ओढ्यावर पक्षी नव्हता, असे अनुमान काढता येत नाही. ओढ्यावर यादी करणारा नव्हता, एवढेच त्यावरून म्हणता येते.

४

सामान्य माणसाच्या साक्षीवर विसंबावे काय, अशी शंका येथे घेतली जाते. तिचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने देणे अधिक सयुक्तिक होईल. त्यासाठी दोन प्रकरणे पुरेशी आहेत.

पहिले प्रकरण रानपिंगळ्याचे. ह्यूमने १८७३ मध्ये वर्णिलेल्या या लहानशा घुबडाचे नमुने पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळविले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. यास अपवाद म्हणून रिचर्ड माइनर्ट्‌सहागेन या प्रतिष्ठित लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे सांगितलेला एक नमुना होता. पक्ष्याचा शोध घेणारे कित्येक वर्षे या नोंदीवर भिस्त ठेवून चुकीच्या ठिकाणी हिंडले. शेवटी पामेला रासमुसेन यांनी तो नमुनाच बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनने १८८४ मध्ये मिळविलेल्यांपैकीच एक असून संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोट्या चिठ्ठीसह पुढे ठेवलेला होता, असे निष्पन्न झाले. खोटी नोंद बाजूस सारून जुन्या खऱ्या स्थळांवर लक्ष केंद्रित करताच नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला.

दुसरे प्रकरण जर्डनच्या धाविकेचे. १९०० नंतर न दिसलेला हा पक्षी संपला असे धरले गेले होते. नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माणसांनी आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात खेडोपाडी चित्रे दाखवून चौकशी चालू ठेवली. आणि जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्यास तो पक्षी रात्री सापडला. तेलुगू बोलीत त्यास ‘कलिवि कोडी’ हे नाव होते. शास्त्राच्या दृष्टीने पंच्याऐंशी वर्षे नाहीसा झालेला पक्षी बोलीतून मात्र नाहीसा झालेला नव्हता.

एकीकडे पदवी, हुद्दा आणि संग्रहालयाची चिठ्ठी असलेली साक्ष खोटी ठरली. दुसरीकडे निरक्षर म्हणून सहज डावलली गेली असती अशी साक्ष खरी ठरली. यावरून सामान्य माणूस नेहमीच बरोबर असतो, असा भाबडा निष्कर्ष काढावयाचा नाही. साक्षीचे मोल साक्षीदाराच्या दर्जावर नसून तिची पडताळणी करता येते की नाही यावर आहे, हा तो निष्कर्ष होय.

५

खुद्द धाराशिव जिल्ह्यात या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. ते पक्ष्याचे नसून गावाचे आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनमधील ज्या तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख येतो, ती कोठे असावी याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. जुन्नर, दौलताबाद, कोल्हापूर अशी अनेक स्थळे सुचविली गेली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट याने तगर म्हणजे जिल्ह्यातील तेर हे गाव, असे प्रतिपादन केले. संतकवी गोरा कुंभार यांचे गाव म्हणून वारकऱ्यांस परिचित असलेले तेर ते हेच. तगर या नावातील मधला व्यंजन गळून स्वर एकत्र आले की तेर हे रूप मिळते. हा ध्वनिबदल प्राकृत-मराठीच्या इतिहासात नियमित आहे. पण केवळ ध्वनिसाम्यावर ही ओळख टिकली नसती. गावातील प्राचीन चैत्यमंदिर, पांढरीत सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती यांनी तिला बळ दिले. हे अवशेष गोळा करण्याचे कार्य मुख्यतः कोणी केले? तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी. नांगराच्या फाळास लागलेली, पावसाने उघडी पाडलेली वस्तू मोलाची असू शकते, ही जाणीव त्यांनी बाळगली; त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे.

तगर आणि तेर यांची सांगड तीन गोष्टींमुळे बसली : जुना लेखी उल्लेख, नावाचा भाषिक इतिहास आणि जमिनीवर वावरणाऱ्या माणसाचे पाहणे. पक्षिनोंदीसही नेमक्या याच तिन्हींची गरज आहे.

६

आता नावाकडे वळू. मराठीत ‘कस्तूर’ हे एका पक्ष्याचे नाव नसून एका गटाचे आहे. शीळकरी कस्तूर, शैल कस्तूर, नारिंगी डोक्याचा कस्तूर अशी विशेषणे ग्रंथांतून आली; बोलताना माणूस केवळ कस्तूर म्हणतो, किंवा तेही न म्हणता ‘निळा पक्षी’, ‘शीळवाला पक्षी’ असे म्हणतो. हिवाळ्यात नळदुर्गच्या तटावर एखाद्यास निळसर पक्षी ताठ बसलेला दिसला आणि त्याने कस्तूर पाहिल्याचे सांगितले, तर ती साक्ष खरी असूनही तिचा अर्थ चुकण्याचा पूर्ण संभव आहे. तो बहुधा शैल कस्तूर असणार. हा हिवाळी पाहुणा साधारणपणे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दख्खनमध्ये असतो; त्यास कोरडे खडक, खाणी आणि किल्ल्यांच्या भिंती प्रिय असतात; पाहुणेपणात तो फारसा गात नाही. उलट शीळकरी कस्तूर सावलीचा आणि वाहत्या पाण्याचा पक्षी आहे आणि त्याचे गाणे पावसाचे आहे. बोरी नदीवरील धरणाच्या भिंतीत आदिलशाही काळात बांधलेल्या पाणीमहालावरून आषाढ-श्रावणात पाणी कोसळू लागते, तेव्हा त्याच किल्ल्यात ऐकू आलेली शीळ ही वेगळी साक्ष होय. गाव तेच, नाव तेच. महिना बदलला की पक्षी बदलतो.

म्हणून साक्ष घेणाऱ्याने प्रश्न कसा विचारावा, यास फार महत्त्व आहे. बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्यास हा धडा ठाऊक असतो. ‘तुमच्याकडे अमुक शब्द आहे काय?’ असे विचारले की उत्तर बहुधा होकारार्थी येते. वस्तू दाखवून ‘यास काय म्हणता?’ असे विचारले की खरा शब्द मिळतो. पक्ष्याच्या बाबतीतही ‘कस्तूर पाहिला काय?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. केव्हा ऐकले, उजाडण्यापूर्वी की नंतर. पाऊस चालू होता काय. ओढा वाहता होता की कोरडा. पक्षी उजेडात बसला होता की सावलीत. शेपटी कशी हलवीत होता, असे विचारावे आणि नाव शेवटी विचारावे. सांगणाऱ्याने शीळ तोंडाने करून दाखविली तर तीही टिपून घ्यावी. आता खिशातील दूरध्वनीवर ध्वनिमुद्रण करणे कोणासही शक्य असल्याने ऐकलेल्याची पडताळणी दुसऱ्यास करता येते, ही सोय जर्डनपाशी नव्हती.

७

अलीकडच्या काळात हौशी निरीक्षकांच्या नोंदींस शास्त्रात मानाचे स्थान मिळाले आहे. सोलापूरच्या पक्षिमित्रांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये तेथे अभयारण्य झाले, हे शेजारचेच उदाहरण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल तीस हजारांवर निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला असून त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. ह्यूमच्या जाळ्याशी तुलना करता हा विस्तार थक्क करणारा आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतील गडवाटा तुडविणारी तरुण मंडळी आता धबधब्याशेजारची शीळ ऐकून ती तारीख-स्थळासह कळवितात, आणि ती नोंद अभ्यासकास उपयोगी पडते.

तथापि या नव्या जाळ्यासही जुन्या जाळ्याचा एक दोष चिकटलेला आहे. नोंद करणारा मुख्यतः शहरी व सुशिक्षित असतो आणि जेथे सहलीस जावे अशी ठिकाणे असतात तेथेच नोंदी दाटतात. बालाघाटाच्या घळी त्या वाटेवर येत नाहीत. या जिल्ह्यात चालणारे पाय कमी आहेत असे मात्र मुळीच नाही. कोजागरीस सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणारे भाविक आहेत, मेंढरांमागे रान तुडविणारे धनगर आहेत, श्रावणात रामलिंगाच्या दरीत उतरणारी गावोगावची माणसे आहेत. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी घर सोडणारी कुटुंबे नेमकी पावसाळ्यात, म्हणजे कस्तुराच्या शिळेच्या दिवसांत, गावी असतात. इतके कान पहाटे जागे असताना जिल्ह्याची नोंद तोकडी राहावी, याचे कारण पाहणाऱ्यांचा अभाव हे नसून विचारणाऱ्यांचा अभाव हे आहे.

सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडून प्राणिपक्ष्यांची नावे जमविली आणि मराठीस पक्षिकोश दिला, त्याचे महत्त्व या संदर्भात कळते. पक्ष्यांची नावे त्यांनी शोभेसाठी गोळा केली नाहीत. त्या नावांमागे असलेल्या पाहणीस त्यांनी प्रमाण मानले. २०२० पासून राज्यात त्यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर असा पक्षिसप्ताह पाळला जातो. सालिम अलींची शिस्त आणि चितमपल्लींचे ऐकणे या दोन्हींची जोड घातल्यावाचून ओढ्याकाठच्या पक्ष्याचा इतिहास लिहिता येणार नाही, हे त्यावरून सुचते. चितमपल्ली जून २०२५ मध्ये निवर्तले. ज्या पिढीच्या तोंडून त्यांनी नावे घेतली तीही मावळत आहे, आणि नाव गेले की त्याबरोबर पाहण्याची एक सवय जाते.

येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीविषयी एक लोकसमजूत आहे. सीतेस घेऊन जाणाऱ्या रावणाशी झुंजून जखमी झालेला जटायू येथेच पडला, आणि त्याची तहान भागविण्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, असे सांगतात. १९९७ मध्ये या दरीसह सुमारे २२ चौरस किलोमीटर वन अभयारण्य म्हणून घोषित झाले. कथेत घडलेल्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार पक्षी आहे आणि त्याचे म्हणणे रानातून चालत आलेला वाटसरू थांबून ऐकून घेतो. आता साक्ष देण्याची पाळी वाटसरूची आहे. श्रावणातल्या पहाटे त्याच दरीत उतरणाऱ्या एखाद्या भाविकाने ओढ्यापलीकडून आलेली शीळ ऐकली, तर ती कोणी कोणत्या शब्दांत विचारून घेतली, यावर ती नोंद होणार की विरून जाणार हे ठरेल.